पगार की पोस्त? सनदी अधिकाऱ्याच्या परदेश भत्त्याची गोष्ट

दिवाळीत पोस्त मागायला पोस्टमन दारात उभा राहतो. आपण हसून शंभराची नोट देतो. एखाद्या वर्षी नाही दिली तर तो फार तर तोंड वाकडं करील, पण ‘माझी गेल्या वर्षीची पोस्त थकली आहे’ म्हणून नोटीस पाठवणार नाही. पेपरवाल्याचं महिन्याचं बिल वेगळं. त्याने तीस दिवस पेपर टाकलाय, आपण तो वाचलाय (किंवा न वाचता रद्दीत घातलाय, तो आपला प्रश्न), तेव्हा पैसे द्यावेच लागतात. पहिला खुशीचा मामला, दुसरं देणं.

आता सांगा, सरकारी नोकराचा पगार यातलं काय? पोस्त की बिल?

प्रश्न खुळा वाटेल. पण १९४३ साली लंडनच्या एका न्यायाधीशाने पूर्ण गांभीर्याने उत्तर दिलं की पगार म्हणजे पोस्त. त्याच्यापुढे जो पगार होता तो कुणा उमेदवार कारकुनाचा नव्हता. तो होता इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधल्या, म्हणजे आय.सी.एस. अधिकाऱ्याचा. ज्या नोकरशाहीला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी १९२२ साली हिंदुस्थानातल्या राज्यकारभाराची पोलादी चौकट म्हटलं, त्या चौकटीचा हा एक गज. आणि वादही मूळ पगाराचा नव्हता, वरच्या पैशांचा होता. (आपल्याकडे ‘वरचे पैसे’ म्हटलं की भलताच अर्थ निघतो. इथे अर्थ सरळ आहे: ‘स्टर्लिंग ओव्हरसीज पे’, म्हणजे परदेश भत्ता.)

हा भत्ता आला कुठून, ते आधी पाहू.

पगारावर जादा काहीतरी मागणं ही हिंदुस्थानातल्या गोऱ्या नोकरवर्गाची जुनी सवय. ‘भत्ता’ हा आपला शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ‘बट्टा’ करून इंग्रजीत नेला आणि त्यावर भांडणंही केली. प्लासीनंतर बंगालच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांना नवाब मीर जाफरच्या कृपेने दुप्पट भत्ता मिळू लागला. क्लाइव्हने तो १७६६ साली बंद केला, तर मोंगीरच्या छावणीत अधिकाऱ्यांनी राजीनाम्यांचा कट शिजवला. कट मोडला आणि त्यात सामील असलेल्या सर रॉबर्ट फ्लेचरला बडतर्फ व्हावं लागलं. ती लष्करातली गोष्ट. मुलकी नोकर बंड करत नसत, अर्ज करत असत. आणि अर्ज जास्त टिकाऊ असतो.

त्यांच्या अर्जांना खरा जोर आला तो चांदी पडली तेव्हा. १८७० च्या आसपास एक रुपया साधारण दोन शिलिंगांचा होता, म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. पुढे युरोपातले देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदी स्वस्त होत गेली आणि चांदीचा आपला रुपयाही तिच्याबरोबर घसरला. १८९२-९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगाच्या घरात आला. आता एखाद्या कलेक्टरच्या घरात डोकावा. पगार रुपयात, पण मुलं इंग्लंडच्या शाळेत, आणि बायको तब्येतीसाठी तिकडेच. दरमहा १६० रुपये घरी पाठवायचे म्हटले तर पूर्वी तिकडे १६ पौंड पोचायचे, आता १० च पोचतात. त्याच्या कामात काही कमी झालेलं नाही, हिंदुस्थानातली भाजी-भाकरीही काही महागलेली नाही, पण पोस्टातून जाणारी रक्कम मात्र वाटेतच झिजते.

मग १८९३ साली सरकारने ‘एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स’ काढला. म्हणजे हुंडणावळीची भरपाई. युरोपीय अधिकाऱ्याचा निम्मा पगार, वर्षाला १,००० पौंडांच्या मर्यादेत, दीड शिलिंगाच्या दराने धरायचा आणि बाजारभावातला फरक सरकारने भरून द्यायचा. सरकारने म्हणजे अर्थात हिंदुस्थानच्या रयतेने. १८९७ साली लंडनमध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना तिशीतल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या भत्त्यावर नेमकं बोट ठेवलं. नोकरीचा करार रुपयातला, तर रुपया पडल्याची झळ करदात्याने का सोसायची, हा हिंदी पुढाऱ्यांचा आक्षेप होता. अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं: आम्ही नोकरी धरली तेव्हा रुपया दोन शिलिंगांचा होता, त्याच भरवशावर समुद्र ओलांडला, तेव्हा हा आमचा हक्क आहे. ‘हक्क’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर विलायतेतून येणाऱ्यांना मूळ पगारावर ‘ओव्हरसीज पे’ मिळू लागला. तरीही तक्रारी थांबेनात. १९२३ साली लॉर्ड ली यांच्या अध्यक्षतेखाली एक रॉयल कमिशन नेमलं गेलं आणि १९२४ मध्ये त्याने अहवाल दिला. शिफारशी उदार होत्या. अधिकाऱ्याला नोकरीच्या काळात सपत्नीक चार वेळा विलायतेला जाऊन येण्याचं भाडं, आणि परदेश भत्ता रुपयाला दोन शिलिंग या दराने थेट लंडनमध्ये पौंडांत पाठवण्याची सोय. ही सोय किती गोड होती ते आकड्यांत पाहू. समजा भत्ता १५० रुपयांचा. १९२७ मध्ये कायम झालेल्या दीड शिलिंगाच्या दराने त्याचे होतात सव्वाअकरा पौंड. दोन शिलिंगांच्या मानीव दराने होतात १५. म्हणजे दर महिन्याला पावणेचार पौंड काहीही न करता जादा, निव्वळ गुणाकार बदलून. मध्यवर्ती विधिमंडळात मोतीलाल नेहरूंनी विरोध केला, पण भत्ता सुरू झालाच. आशियाबाहेर ज्यांचं कायमचं घर, अशांनाच तो होता. एकाच कचेरीत, एकाच हुद्द्यावर बसलेल्या देशी आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या आणि गोऱ्याच्या पगारपत्रकात हा फरक स्पष्ट दिसायचा.

आता १९४३. लंडन. खटल्याचं नाव ‘लुकास विरुद्ध लुकास’. नवरा आय.सी.एस. अधिकारी. त्याने पत्नीला पोटगी द्यावी असा कोर्टाचा हुकूम होता आणि पैसे थकले होते. नवरा हिंदुस्थानात नोकरीला, पण त्याचा परदेश भत्ता लंडनमध्ये हिंदुस्थानच्या हायकमिशनरच्या कचेरीतून निघणार होता. बाईंच्या वकिलांनी तो भत्ता तिथेच अडवून पोटगीकडे वळवायची मागणी केली.

अशी मागणी कशी चालते? समजा सदाशिवरावांकडे वाण्याची दहा हजारांची उधारी थकली आहे. सदाशिवराव पैसे देत नाहीत, पण त्यांच्या भाडेकरूकडे त्यांचं दहा हजार भाडं येणं आहे. कोर्टाच्या हुकूमनाम्यानंतर वाणी म्हणू शकतो की भाडेकरूने ते पैसे सदाशिवरावांच्या हातावर न ठेवता परस्पर मला द्यावेत. अट एकच: भाडेकरू सदाशिवरावांचं खरोखर *देणं* लागत असला पाहिजे. सदाशिवरावांचा मुंबईचा मेहुणा दर दिवाळीला खुशीने पाकीट पाठवत असेल, तर त्या पाकिटावर वाणी जप्ती आणू शकत नाही. कारण मेहुणा काही देणं लागत नाही. त्याच्या मनात आलं तर पाठवील.

म्हणजे बाईंच्या दाव्याचं भवितव्य एका प्रश्नावर येऊन ठेपलं: सरकार हे भाडेकरू आहे की मेहुणा?

खटला ज्या न्यायालयात होता त्या विभागाकडे मृत्युपत्रं, घटस्फोट आणि जहाजांचे दावे अशी चमत्कारिक मिसळ असे. न्यायमूर्ती पिल्चर यांनी निकाल दिला की राजाच्या नोकराला पगारासाठी राजावर दावा लावता येत नाही. सबब हा भत्ता कायद्याच्या अर्थाने ‘देणं’ नाही. सबब जप्ती नाही. सरकार ठरलं मेहुणा.

या निकालातली गंमत मला फार आवडते. पन्नास वर्षं या नोकरवर्गाने भत्त्याला ‘हक्क’ म्हटलं. गोखल्यांचं ऐकलं नाही, विधिमंडळाचं ऐकलं नाही. आणि पहिल्यांदा एका अधिकाऱ्याच्या बायकोने त्याच हक्काला हात घातला तेव्हा कोर्ट म्हणालं, छे, हा कसला हक्क, ही तर राजाची खुशी! नवऱ्याचे त्या वेळी पैसे वाचले खरे, पण त्याच्या सगळ्या जमातीचा पगार एका फटक्यात दानधर्माच्या खात्यात गेला.

न्यायमूर्तींनी हे तर्कट हवेतून काढलं नव्हतं. इंग्लंडचा जुना नियम असा की राजाचा नोकर राजाची मर्जी असेपर्यंतच नोकर. राजा त्याला केव्हाही, कारण न सांगता काढू शकतो. त्याला धरून १९२६ साली स्कॉटलंडमधल्या ‘मुल्वेना विरुद्ध अॅडमिरल्टी’ या खटल्यात एका न्यायाधीशाने पुढची पायरी चढली होती: नोकराचा पगारही करारातलं देणं नव्हे, राजाच्या औदार्यावरची मागणी आहे. लुकास खटल्यात हाच आधार घेतला गेला.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं सोपं होतं. मालक गड्याला म्हणतो, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ ही एक गोष्ट. मालक म्हणतो, ‘गेला महिनाभर राबलास त्याचेही पैसे देणार नाही.’ ही दुसरी. पहिलीला तुम्ही मर्जी म्हणू शकता. मर्जी पुढच्या दिवसांवर चालते. झालेल्या कामावर ती कशी चालेल? काढून टाकण्याच्या अधिकाराच्या पोटात पैसे बुडवण्याचा अधिकार आपोआप येत नाही. इंग्रज न्यायाधीशांनी तो आणून बसवला. राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर तक्रार कुणाकडे करायची, ही आपली म्हण. तिकडे ती कायदा झाली.

या निकालाचा पहिला मोठा फटका एका हिंदी अधिकाऱ्याला बसला. आय. एम. लाल हे पंजाबातले आय.सी.एस. अधिकारी, १९२२ पासून नोकरीत. चौकशी होऊन १९४० साली त्यांना नोकरीतून काढलं. हिंदुस्थानच्या कारभाराच्या १९३५ च्या कायद्यातल्या (गव्हर्नमेंट ऑफ इंडिया अॅक्ट) कलम २४० प्रमाणे अशी शिक्षा करण्याआधी त्यांना कारण दाखवण्याची वाजवी संधी द्यायला हवी होती. ती मिळाली नाही म्हणून त्यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेटवर, म्हणजे लंडनमधल्या भारतमंत्र्यावर, दावा लावला. दावा इतका लांबला की मधल्या काळात प्रतिवादीच्या देशाची फाळणी झाली. मार्च १९४८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या अपिलांच्या शेवटच्या कोर्टाने, निकाल दिला तेव्हा समोर दोन प्रतिवादी उभे होते, हिंदुस्थानचे हायकमिशनर आणि पाकिस्तानचे हायकमिशनर. घरदार, फौजफाटा, टाइपरायटर वाटले गेले तसा हा खटलाही वाटला गेला.

निकाल असा: लाल यांना काढण्याचा हुकूम रद्दबातल, कारण त्यांना संधी दिली नाही. १९४२ साली दावा दाखल केला तेव्हा ते सनदी सेवेतच होते. छान. मग मधल्या काळाचा पगार? तो नाही. कारण लुकास खटला. म्हणजे नोकरीत होतात हे मान्य, बेकायदा बाहेर ठेवलं हेही मान्य, पण पैसे मागू नका, ती राजाची खुशी.

लाल जिंकले त्या मुद्द्याचं चीज झालं; कलम २४० चा तो वारसा आपल्या राज्यघटनेच्या कलम ३११ मध्ये आला आणि आजही एखाद्या तलाठ्याला बडतर्फ करण्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते ती त्यातूनच. हरलेला मुद्दा मात्र स्वतंत्र भारताच्या गळ्यात पडला. राजा गेला, तरी ‘मर्जी’ घटनेच्या कलम ३१० मध्ये राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या नावाने शिल्लक आहे. मग सरकारी पगार अजून पोस्तच का?

हा तिढा सोडवला तो कुणा बड्या सनदी अधिकाऱ्याने नव्हे, तर बिहारच्या एका फौजदाराने. अब्दुल मजीद नावाच्या या सब-इन्स्पेक्टरला १९४० साली भित्रेपणाच्या आरोपावरून नोकरीतून काढलं होतं. नेमणूक करणारा अधिकारी वरच्या दर्जाचा आणि काढणारा त्याच्या खालचा, म्हणून हुकूम टिकला नाही. त्यांना परत घेतलं, पण मधल्या काळाचा पगार देईनात. त्यांनी थकबाकीचा दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी निकाल दिला. बिहार सरकार हरलं.

त्यातला युक्तिवाद बघण्यासारखा आहे, कारण तो तत्त्वज्ञानातून नाही, जप्तीच्या नियमातून आला. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, म्हणजे १९०८ च्या कायद्यात, कलम ६० आहे. कर्जदाराच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येते आणि कोणत्या सोडायच्या याची ती यादी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण सोडायचं. शेतकऱ्याची अवजारं आणि गुरं सोडायची. आणि सरकारी नोकराच्या पगाराचा अमुक भाग सोडायचा. म्हणजेच उरलेला भाग जप्त होऊ शकतो! आता सदाशिवराव आठवा. जप्ती फक्त देण्यावर येते, दिवाळीच्या पाकिटावर येत नाही. सरकारी पगारावर कायदा स्वतः जप्ती आणू देतो, त्याअर्थी पगार हे सरकारचं देणं आहे. आणि जे पैसे नोकराचा सावकार सरकारकडून वसूल करू शकतो, ते खुद्द नोकराला मागता येत नाहीत असं कसं म्हणायचं?

न्यायालयाने दुसराही धागा धरला. इंग्लंडमध्ये राजावर दावा लावायला राजाचीच परवानगी लागे. आपल्याकडे गोष्ट वेगळी. इथे आधी राज्य केलं व्यापारी कंपनीने, आणि व्यापाऱ्यावर दावा लावता येतो. १८५८ साली राणीने कारभार घेतला तेव्हा कायद्यात लिहिलं गेलं की जे दावे कंपनीवर चालले असते ते सेक्रेटरी ऑफ स्टेटवर चालतील. हा हक्क पुढच्या प्रत्येक कायद्यातून झिरपत आला. प्रिव्ही कौन्सिलने लाल खटल्यात संहितेकडे लक्षच दिलं नव्हतं, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बाजूला ठेवला. पगार हे बिल ठरलं. पुढे १९७१ मध्ये पेन्शनबद्दलही हेच ठरलं आणि डिसेंबर १९८२ मध्ये डी. एस. नकारा यांच्या खटल्यातल्या निकालाने ते पक्कं झालं. निवृत्त मंडळी १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात तो त्या निकालाच्या तारखेमुळे.

लुकास खटल्याचं भूत मात्र पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे अजून फिरत होतं. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, १९५६ साली सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९६१ च्या सरकारी परिपत्रकाने सिंहलीच्या परीक्षेवर कर्मचाऱ्यांची वेतनवाढ टांगून ठेवली. कोडीश्वरन नावाचे एक तमिळ कारकून परीक्षेला बसलेच नाहीत. १९६२ ची त्यांची वेतनवाढ रोखली गेली आणि त्यांनी कोलंबोच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला. तिथे ते जिंकले. भाषेचा कायदाच घटनेत बसत नाही असं न्यायाधीशाने म्हटलं. सिलोनच्या सर्वोच्च न्यायालयाला या निखाऱ्याला हात लावावा लागला नाही, कारण १९६७ मध्ये त्याला सोयीची पळवाट सापडली: नोकर पगारासाठी राजावर दावाच लावू शकत नाही, तेव्हा वेतनवाढीची बात कशाला! एका बाईची पोटगी नाकारण्यासाठी वापरलेलं तर्कट आता एका भाषिक समाजाच्या तक्रारीवर झाकण म्हणून बसलं.

कोडीश्वरन प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. डिसेंबर १९६९ मध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी निकाल वाचला आणि मुल्वेना व लुकास या दोन्ही खटल्यांतला विचार सदोष आणि निष्कर्ष चुकीचा असल्याचं सांगून टाकलं. झालेल्या कामाचा पगार मागता येतो. लुकास निकालानंतर २६ वर्षांनी ही कबुली आली. भाषेच्या प्रश्नासाठी खटला परत कोलंबोला पाठवला. तोवर वारं फिरलं होतं. १९७१ मध्ये सिलोनने प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिलं बंद केली, १९७२ मध्ये नवी घटना आली, आणि तो प्रश्न निकालाविना राहून गेला.

राहता राहिल्या लुकासबाई. तोच दावा आज आपल्याकडे आला असता तर? कलम ६० प्रमाणे साध्या कर्जासाठी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र फक्त एक तृतीयांश सोडायचा, बाकी दोन तृतीयांशावर जप्ती येऊ शकते. पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टाचा हुकूम जातो आणि रक्कम परस्पर कापली जाते. पण बाईंनी हात घातला होता तो मूळ पगाराला नाही, भत्त्याला. आणि त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: सरकारी नोकराच्या वेतनातला जो भत्ता सरकार अधिसूचनेने जप्तीतून वगळील, तो हिशेबात धरायचाच नाही. तेव्हा त्यांच्या वकिलाला सगळ्यात आधी राजपत्र चाळावं लागलं असतं.